शून्य, सिफर आणि पासवर्ड

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी भाषेचा अभ्यासक नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दिवसभर कोड लिहितो आणि इतरांच्या चुका शोधतो. इतरांना माझ्या सापडतात. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते कामातून हाती लागलेलं आहे. एका शब्दाची गोष्ट आहे आणि शेवटी माझ्या एका चुकीचीही आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका ॲपच्या तुर्की भाषेतल्या स्क्रीन तयार करत होतो. लॉगिनच्या पानावर वापरकर्त्याच्या नावाखाली दुसरा रकाना होता, त्यावर लिहिलं होतं 'शिफ्रे'. म्हणजे पासवर्ड. पुढच्या पानावर खात्यात काही शिल्लक नसेल तर दाखवायचा शब्द होता 'सिफिर'. म्हणजे शून्य. हा दुसरा शब्द बघून मी थबकलो. आमच्या घरी दखनी बोलतात, आणि गणितात भोपळा मिळाला की अब्बा विचारायचे, "फिर सिफर लाया?" तोच हा शब्द. पण मग वरचा शिफ्रे? तो इतका सारखा कसा?

मी तुर्की सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "सिफिर अरबीतून आलाय, शिफ्रे फ्रेंचमधून. दोघांचा काही संबंध नाही." पहिली दोन वाक्यं बरोबर होती, तिसरं चूक. हे दोघे सख्खे भाऊ आहेत. एक घरीच राहिला आणि दुसरा युरोपभर फिरून, वेगळा पोशाख घालून घरी परतला. घरच्यांनी त्याला ओळखलंच नाही.

आता मुळापासून बघू.

अरबीत 'सिफ्र' म्हणजे रिकामं. भांडं रिकामं, हात रिकामा, तसं. गणिताशी त्याचा आधी काही संबंध नव्हता. संबंध आला तो भारतामुळे. इकडे ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला आणि त्यात शून्याला संख्या मानून बेरीज, वजाबाकी, गुणाकाराचे नियम दिले. पुढे आठव्या शतकात, अब्बासी खलिफा अल-मन्सूरच्या काळात, भारतातलं ज्योतिष-गणित सिंधमार्गे बगदादला पोचलं. नवव्या शतकात खलिफा अल-मामूनच्या बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी या विद्वानाने भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा यावर पुस्तक लिहिलं. त्याची मूळ अरबी प्रत आज उपलब्ध नाही, लॅटिन भाषांतरं उरली आहेत. आम्ही कॉम्प्युटरवाले रोज म्हणतो तो 'अल्गोरिदम' शब्द याच माणसाच्या नावाचा अपभ्रंश.

अरबांनी 'शून्य' हा शब्द उचलून आपल्या भाषेत घातला नाही. त्यांनी त्याचा अर्थ समजून घेतला. शून्य म्हणजे रिकामं, आणि रिकाम्याला आमच्याकडे सिफ्र म्हणतात, म्हणून या चिन्हाचं नाव सिफ्र. म्हणजे भारतातून बगदादला अर्थ गेला, आवाज इथेच राहिला.

बगदादहून युरोपला जाताना बरोबर उलट झालं. आवाज गेला, अर्थ मागे राहिला.

बाराव्या शतकात अरबी पुस्तकांची लॅटिन भाषांतरं होऊ लागली. पुढे पिसा शहराचा लिओनार्दो, ज्याला आपण फिबोनाची म्हणून ओळखतो, त्याने १२०२ मध्ये 'लिबेर अबाची' हे पुस्तक लिहिलं. त्याचे वडील उत्तर आफ्रिकेत, आजच्या अल्जीरियातल्या बिजाया बंदरात, पिसाच्या व्यापाऱ्यांचं काम बघायचे. तिथे या मुलाने भारतीय अंक शिकले. त्याने पुस्तकात नऊ भारतीय अंक दिले आणि दहाव्या चिन्हाला अरब जे म्हणतात ते लॅटिन वळणाने लिहिलं, 'झेफिरुम'. इटलीत लोकांच्या तोंडी झेफिरुमचं झिजत झिजत 'झेरो' झालं. इतर भाषांतरकारांनी तोच सिफ्र 'सिफ्रा' असा लिहिला. एकाच अरबी शब्दाची दोन रूपं एकाच वेळी युरोपात शिरली.

युरोपातल्या सामान्य माणसाला सिफ्र म्हणजे रिकामं हे माहीत नव्हतं. त्याच्यासाठी तो एक परका आवाज होता, आणि परक्या आवाजाला अर्थ कुठलाही चिकटवता येतो. रोमन आकड्यांत शून्य नव्हतं. नव्या पद्धतीतली सगळ्यांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे हे गोल चिन्ह, एकटं असताना काहीच नाही आणि दुसऱ्याच्या उजवीकडे बसलं की त्याला दसपट करणारं. साहजिकच त्या चिन्हाचं नाव हळूहळू सगळ्याच नव्या अंकांना लागलं. शून्यच नव्हे तर एकपासून नऊपर्यंत सगळेच 'सिफ्रा'.

मग अडचण झाली. सगळेच सिफ्रा, तर शून्याला काय म्हणायचं? काही भाषांनी इटलीकडून झेरो घेतला. फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, इंग्रजी, पोलिश यांनी तोच मार्ग धरला. काहींनी लॅटिनमधला 'नुल्ला', म्हणजे काहीच नाही, हा शब्द घेतला. जर्मनमध्ये नुल, स्वीडिशमध्ये नोल, रशियनमध्ये नोल किंवा नुल, हंगेरियनमध्ये नुल्लॉ.

आता सिफ्रा या भावाचं प्रत्येक घरी काय झालं ते बघा.

जर्मनमध्ये 'त्सिफर' म्हणजे अंक. घड्याळाच्या तबकडीला ते अंकांचं पान म्हणतात, त्यात हा शब्द आहे. पण जर्मनने नंतर फ्रेंचकडून तोच शब्द पुन्हा घेतला, 'शिफ्रे', आणि त्याचा अर्थ सांकेतिक लिपी. वर्तमानपत्रात स्वतःचं नाव न देता जाहिरात द्यायची असेल तर जो क्रमांक मिळतो, त्यालाही शिफ्रे म्हणतात. एकाच भाषेत एकच शब्द दोन दारांनी आला.

डचमध्ये अंकाला तर हा शब्द आहेच, पण शाळेत मिळणाऱ्या मार्कांनाही तोच. स्वीडिशमध्ये 'सिफ्रा' म्हणजे अंक. फ्रेंचमध्ये 'शिफ्र' म्हणजे अंक, आकडेवारी, आणि कंपनीची वर्षाची उलाढाल म्हणजे 'धंद्याचा शिफ्र'. इटालियनमध्ये 'चिफ्रा' म्हणजे अंक, पैशांची रक्कम, आणि रुमालावर किंवा शर्टावर भरतकामाने काढलेली नावाची आद्याक्षरंसुद्धा. हंगेरियनमध्ये तर 'त्सिफ्रॉ' म्हणजे नक्षीदार, भपकेबाज. तिथल्या मेंढपाळांचा भरतकाम केलेला झगा याच नावाने ओळखला जातो. ज्या शब्दाचा अर्थ रिकामं होता, त्याचा अर्थ गच्च भरलेलं झाला.

पोलिश आणि रशियनमध्ये 'त्सिफ्रा' म्हणजे अंक आणि 'शिफ्र' म्हणजे गुप्त लिपी. अंकावरूनच त्यांनी डिजिटलसाठी शब्द बनवला. पोलंडच्या सरकारात डिजिटल कारभाराचं एक मंत्रालय आहे, त्याच्या नावातच त्सिफ्रा आहे. शब्दाच्या मूळ अर्थाने बघाल तर ते शून्यीकरण मंत्रालय म्हणायला हवं.

पोर्तुगीजमध्ये गंमत वेगळी आहे. अंकाला ते 'अल्गारिस्मो' म्हणतात, म्हणजे आपला अल-ख्वारिझ्मी. आणि पैशांच्या त्या चिन्हाला, एसवर उभी रेघ मारलेल्या, ते 'सिफ्रांव' म्हणतात. पोर्तुगालच्या एस्कुडो या चलनाचं ते चिन्ह होतं. गोव्यात पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या काळात, १९५८ नंतर, रुपियाच्या जागी एस्कुडो आला होता. म्हणजे सिफ्र आपल्या शेजारी, पणजीच्या बाजारातल्या किमतींपर्यंत परत आला होता, कुणाला पत्ता नसताना.

इंग्रजीतल्या 'सायफर'ने मात्र सगळे अर्थ जपून ठेवले. शून्य, अंक, ज्याला कुणी विचारत नाही असा माणूस, आणि गुप्त लिपी. इथे आपली मराठी आठवते. जुन्या पिढीतली मुलं पाटीवर म्हणायची, एकावर पूज्य दहा, एकावर दोन पूज्य शंभर. मराठीत शून्याला पूज्य म्हणत. इंग्रजीत किंमत नसलेला माणूस सायफर, आणि आपल्याकडे किंमत नसलेलं चिन्ह पूज्य! अर्थात आपणही खट्याळच. "त्याचं गणित म्हणजे पूज्य" असं म्हणताना कुणी हात जोडत नाही.

शून्याचा गुप्त लिपीशी काय संबंध? युरोपात नवे अंक लगेच सगळ्यांनी स्वीकारले नाहीत. फ्लॉरेन्समध्ये १२९९ साली सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत हे अंक वापरायला बंदी घातली होती. पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकात राजदरबारांची गुप्त पत्रं अक्षरांऐवजी अंक आणि चिन्हं वापरून लिहिली जाऊ लागली. अंकांनी लिहिलेलं पत्र ते सिफ्राचं पत्र. तिथून सिफ्रा म्हणजेच संकेत.

आणि गुप्त लिपी फोडण्याचं शास्त्र? त्यावरचं आज माहीत असलेलं सर्वांत जुनं लेखन अरबीत आहे, नवव्या शतकातल्या अल-किंदीचं. कुठलं अक्षर किती वेळा येतं हे मोजून संदेश कसा उलगडायचा, हे त्याने लिहून ठेवलं. त्याची हस्तलिखित प्रत इस्तंबूलच्या ग्रंथालयात सापडली. पण अल-किंदीने गुप्त लिपीला सिफ्र म्हटलं नव्हतं. त्याचा शब्द होता 'मुअम्मा'. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी उर्दू आहे त्यांना माहीत आहे, मुअम्मा म्हणजे कोडं.

आता वर्तुळ पूर्ण होतं. आजच्या अरबीत गुप्त लिपीला 'शिफ्रा' म्हणतात. हा शब्द युरोपातून परत आला. त्यावरून अरबीच्या नियमांनी क्रियापद बनलं. व्हॉट्सॲप उघडलं की वर एक ओळ येते, तुमचे संदेश एन्क्रिप्ट केलेले आहेत. अरबीत तिथे 'मुशफ्फरा' येतं, तुर्कीत 'शिफ्रेली', फ्रेंचमध्ये 'शिफ्रे', स्पॅनिशमध्ये 'सिफ्रादो'. चारही ठिकाणी तोच मूळ शब्द. आणि अरबीत शून्य आजही सिफ्रच आहे.

दोस्तांनो, हे सगळं आज इथे सांगायचं कारण व्हॉट्सॲपवरच आहे.

माझ्या फोनवर दोन ग्रुप आहेत. एक नातेवाइकांचा. तिथे दर काही महिन्यांनी संदेश येतो की शून्याचा शोध मुसलमानांनी लावला आणि युरोपने तो चोरला. दुसरा कॉलेजच्या बॅचचा. तिथे येतो की शून्य आमचं, अरबांनी फक्त लुटून नेलं. मी दोन्ही ग्रुपमध्ये आहे आणि दोन्हीकडे अर्धं खरं आहे.

पहिल्या संदेशाला उत्तर सोपं आहे. ज्यांच्याबद्दल अभिमान बाळगायचा ते स्वतः काय म्हणत होते ते बघा. अल-ख्वारिझ्मीने हे अंक आपले म्हणून सांगितले नाहीत, भारतीय म्हणून सांगितले. अरबी जगात त्या अंकांचं नावच हिंदी अंक असं पडलं. युरोपने त्यांना अरबी अंक म्हटलं कारण त्यांना ते अरबांकडून मिळाले. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव लावायची ही रीत मला फार सभ्य वाटते. आपण ती विसरलो तर त्या विद्वानांचाच अपमान होईल.

दुसऱ्या संदेशालाही उत्तर आहे. जागा राखणारं चिन्ह बॅबिलोनियातही होतं, आणि अमेरिकेतल्या माया लोकांनी कुणाचीही मदत न घेता आपलं शून्य बनवलं होतं. भारताचं मोठेपण शून्याला पूर्ण संख्या मानून त्याचे नियम लिहिण्यात आहे, आणि ते कुणी हिरावून घेत नाही. पण भाषांतर म्हणजे लूट नव्हे. अर्थ समजून दुसऱ्या भाषेत नेणं हे मेहनतीचं काम असतं. ते झालं नसतं तर ब्रह्मगुप्ताचे नियम पिसापर्यंत पोचले नसते.

आता एक प्रसंग सांगतो. सत्तावीस फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. ऑफिसात चहा घेताना एक सहकारी, चांगला मित्र, म्हणाला, "मराठीतून तुमचे फारसी-अरबी शब्द काढले पाहिजेत रे. खरं तर एकदा हिशेबच करून बघितला पाहिजे, किती शिल्लक, किती बाकी."

मला हसू आलं. हिशेब अरबी, बाकी अरबी. मी म्हटलं, "काढ ना. पण मग वजाबाकी कशी करणार?" वजा अरबीतून आलेला, बाकीही. पाटीवर बेरजेच्या खाली वजाबाकी अरबी, त्याच्या खाली गुणाकार संस्कृत. 'रक्कम' घ्या. अरबीत रकम म्हणजे आकडा. मराठीत त्याचा अर्थ पैशांची बेरीज झाला. इटालियनमध्ये चिफ्राचं जे झालं, अंकावरून रक्कम, तेच इथे सातासमुद्रापलीकडे आपोआप झालं.

पण त्याच्या वाक्यातला एक शब्द मला रात्री टोचत राहिला. 'तुमचे'. तो प्रेमाने बोलला होता, भांडायला नाही. तरी त्या एका शब्दाने मी मराठीत पाहुणा झालो. हे तुमच्याही वाट्याला आलं असेल. "तू मराठी छान बोलतोस" हे कौतुक कितीजणांनी ऐकलंय? हात वर करू नका, मला माहीत आहे.

यावर दोन उपाय आपण करतो आणि दोन्ही चुकीचे आहेत. एक, गप्प बसून आपले शब्द लपवणं. दुसरा, उलट फिरून "हो, हे आमचेच आहेत" म्हणणं. वजाबाकी आमची नाही आणि त्यांचीही नाही. ती मराठीची आहे. जो मराठीत हिशेब करतो त्याची आहे. तुर्की माणसाला शिफ्रे परका वाटत नाही, जर्मन माणसाला त्सिफर परका वाटत नाही. शब्द कुठून आला आणि कुणाचा आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माणसांच्या बाबतीतही ते वेगळेच आहेत.

शेवटी माझी चूक सांगतो.

प्रोग्रामिंगमध्ये आम्ही शून्य आणि 'नल' यांत काटेकोर फरक करतो. शून्य म्हणजे मोजलं आणि काही नाही असं कळलं. नल म्हणजे माहितीच नाही. जर्मनमध्ये दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे तिथले नवशिके गोंधळतात. मला मात्र या फरकाचा अभिमान होता. नोकरीच्या सुरुवातीला मी एक नोंदणी फॉर्म बनवला. त्यात आडनावाचा रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जात नसे. मी हे नीट विचार करून केलं असं मला वाटत होतं. रिकामं म्हणजे चूक, असं मी लिहिलं होतं.

माझ्या आजीला आडनाव नव्हतं. तिच्या कागदांवर एकच नाव होतं, आणि ते पूर्ण होतं. मी बनवलेल्या फॉर्ममध्ये माझीच आजी बसली नसती. अशा फॉर्ममध्ये लोक काय करतात? कुणी टिंब टाकतं, कुणी तेच नाव दोनदा लिहितं, कुणी वडिलांचं नाव आडनाव म्हणून घालतं. मग एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं. कागद जुळत नाहीत म्हणून काय होतं, ते या खोलीत मी सांगायला नको. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर प्रवेश नाकारायला सुरुवात केली. ज्या भाषेने रिकाम्या जागेला नाव दिलं, त्या भाषेच्या देशातही नावापुढची रिकामी जागा चालेनाशी झाली.

तो फॉर्म मी नंतर दुरुस्त केला. बदल एका ओळीचा होता. पण तो करायला मला तीन वर्षं लागली, कारण तोवर कुणी तक्रार केली नव्हती. ज्यांना त्रास झाला ते टिंब टाकून निघून गेले होते.

तुमच्यापैकी काही जण उद्या फॉर्म बनवतील, काही जण सेतू केंद्रात किंवा शाळेच्या ऑफिसात बसून ते भरून घेतील. रिकामा रकाना दिसला की आधी विचारा, हे राहून गेलंय की असंच आहे? आणि तुम्ही फॉर्म भरणारे असाल तर टिंब टाकून परत येऊ नका. खिडकीवर थांबा, बोला, लेखी द्या. चूक कोडमध्ये आहे, तुमच्या आजीच्या नावात नाही.

आणि पुढच्या वेळी शून्याबद्दलचा संदेश आला तर फॉरवर्ड करायच्या आधी खाली एक ओळ जोडा : ब्रह्मगुप्त ६२८, अल-ख्वारिझ्मी नववं शतक, लिओनार्दो १२०२. दोन्ही ग्रुपमध्ये एकच ओळ पाठवा. मी पाठवतो. एका ग्रुपमध्ये अंगठा मिळतो, दुसऱ्यात शांतता असते. कुठल्यात काय, ते दर वेळी बदलतं.